घरी किती परतले? सिअ‍ॅटलच्या ‘मेडिक वन’ची वाटचाल

१९५९ साली सिअ‍ॅटलमध्ये लेनर्ड कॉब नावाच्या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने सतरा रुग्णांवर एक प्रयोग केला. छातीत कळ येणाऱ्या हृदयरुग्णांसाठी तेव्हा एक नवी शस्त्रक्रिया गाजत होती. छातीच्या भिंतीमागून जाणारी रोहिणी बांधून टाकली की अडलेले रक्त हृदयाकडे वळते, असा तिच्यामागचा तर्क. रुग्ण बरे वाटते म्हणत, सर्जनांचाही विश्वास बसलेला. कॉब आणि सहकाऱ्यांनी आठ जणांची रोहिणी खरोखर बांधली आणि नऊ जणांच्या छातीवर नुसता छेद घेऊन तो शिवून टाकला. आपल्या वाट्याला काय आले, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले. त्या शस्त्रक्रियेचे दिवस तिथेच भरले.

असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती सहजी मान्य करणार नाही. पण कॉब यांचा स्वभाव त्यातून कळतो. रुग्णाला बरे वाटते, डॉक्टरला पटते, एवढ्यावर कॉब थांबत नसत. अकरा वर्षांनी त्यांनी जी संस्था उभी केली, तिच्या हाडीमाशी हाच स्वभाव खिळला. म्हणून ‘मेडिक वन’ची गोष्ट सांगताना गाड्यांपेक्षा हिशेबाविषयीच जास्त बोलावे लागते.

कॉब हार्बरव्ह्यू रुग्णालयात काम करत होते. १९६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये बेलफास्टच्या फ्रँक पॅन्ट्रिज यांचा लेख आला. हृदयविकाराच्या झटक्याने मरणारे कितीतरी लोक रुग्णालयाचे दार दिसण्याआधीच मरतात, तर रुग्णालयानेच त्यांच्याकडे जावे, असे म्हणून पॅन्ट्रिज यांनी १९६६ पासून डॉक्टर, नर्स आणि हृदयाला विजेचा शॉक देणारा डिफिब्रिलेटर घेऊन गाडी रस्त्यावर आणली होती. कॉब यांना ही कल्पना पटली. पण प्रत्येक गाडीत डॉक्टर बसवणे त्यांना शक्य दिसेना. ते सिअ‍ॅटलच्या अग्निशमन दलाचे प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांच्याकडे गेले. दलाचे जवान प्रथमोपचारासाठी आधीपासूनच घरोघर जात होते. आणि व्हिकरी यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती, जी तेव्हा अमेरिकेत क्वचितच कुठे असेल: प्रथमोपचाराच्या प्रत्येक फेरीची नोंद संगणकावर ठेवण्याची पद्धत. कॉब यांच्या नजरेने ती लगेच टिपली. कोणाकडे गेलो, केव्हा पोहोचलो, काय केले, हे लिहिलेले असेल तर त्या माणसाचे पुढे काय झाले हेही शोधता येईल, आणि मग आपण करतो त्याचा उपयोग होतो की नाही हे ठरवता येईल. म्हणजे गाडी यायच्या आधी वही तयार होती.

गाडी आली ७ मार्च १९७० रोजी. फिरत्या घरासारखी अवजड, हार्बरव्ह्यूच्या आवारात उभी असणारी. जवानांनी तिला ‘मोबी पिग’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव टिकले. तिच्यात बसणारे जवान डॉक्टर नव्हते. पण हृदयाचा आलेख वाचणे, शिरेतून औषध देणे, श्वासनलिकेत नळी घालणे आणि शॉक देणे हे सगळे ते डॉक्टरांच्या हाताखाली शिकले होते. अशा जवानांना पॅरामेडिक म्हणतात. सरकारी अनुदान संपत आले तेव्हा शहरातल्या लोकांनी वर्गणी काढली. १९७४ मध्ये ‘मेडिक वन फाउंडेशन’ उभे राहिले. त्याच वर्षी ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने देशाला सांगितले की हृदयविकाराचा झटका यायचाच असेल तर तो सिअ‍ॅटलमध्ये यावा.

एवढे कौतुक झाल्यावर पुष्कळ संस्था तिथेच थांबतात. इथे मात्र नोंदी वेगळेच सांगत होत्या. एक मोठी गाडी सगळ्या शहराला पुरत नाही, तिच्याआधी जवळच्या ठाण्याचा बंब पोहोचतो. आणि बंबाच्याही आधी तिथे कोण असते? घरातला माणूस, दुकानदार, शेजारी. हृदय बंद पडल्यावर मेंदू जेमतेम काही मिनिटे तग धरतो, आणि ती मिनिटे गाडीच्या हातात नसतात. म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच ‘मेडिक टू’ सुरू झाले. नाव गाडीचे वाटते, पण गाडी नव्हतीच. सामान्य नागरिकांना सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त खेळते ठेवण्याची कृती, शिकवण्याचा तो कार्यक्रम होता. शहराच्या माणसांनाच सेवेत सामील करून घेणारा हा निर्णय मला त्यांच्या साऱ्या यंत्रसामग्रीपेक्षा मोठा वाटतो.

सिअ‍ॅटलभोवतीच्या किंग काउंटीत ही सेवा पसरू लागली तेव्हा मिकी आयझेनबर्ग हा तरुण डॉक्टर तिथे आला. काउंटीत काही भागांत पॅरामेडिक होते, काही भागांत अजून नव्हते. तुलना करायला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. १९७६ पासून काउंटीने रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या प्रत्येक माणसाची नोंदवही सुरू केली. ती आजवर अखंड चालू आहे.

ही वही कशी भरतात, ते जरा सविस्तर सांगायला हवे. एखाद्याचे हृदय बंद पडले आणि जवानांनी सीपीआर केला, की त्या घटनेचे सगळे तुकडे एका टेबलावर गोळा होतात. नियंत्रण कक्षात आलेल्या फोनचे ध्वनिमुद्रण, गाडी निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ, डिफिब्रिलेटरमध्ये साठलेला हृदयाचा आलेख, पॅरामेडिकने लिहिलेला अहवाल, रुग्णालयाची नोंद, आणि रुग्ण गेला असेल तर मृत्यूचा दाखला. आलेखावरून छाती किती वेळ दाबली गेली, मध्ये हात किती सेकंद थांबले, हेही कळते. फोनवरून कळते की कॉल घेणाऱ्याला हृदय बंद पडल्याचे ओळखायला किती वेळ लागला आणि पहिला दाब केव्हा पडला. शेवटी एकच प्रश्न उरतो. हा माणूस जिवंत घरी गेला का, आणि त्याचा मेंदू शाबूत आहे का?

रुग्णवाहिकेला येणाऱ्या शंभर फोनांत हृदय बंद पडल्याचे एखाद-दोनच असतात. मग सगळी सेवा त्यावरून का जोखायची? कारण या एका घटनेत साखळीची प्रत्येक कडी लागते. ओळखणारा शेजारी, फोन घेणारा, बंबावरचा जवान, पॅरामेडिक, रुग्णालय, यांतली एक कडी सुटली तरी माणूस जातो. आणि निकालात गोंधळ नसतो. दुखणे कमी झाले की नाही यावर वाद होईल, माणूस घरी गेला की नाही यावर होत नाही.

या वहीतून १९७९ साली एक शोधनिबंध निघाला आणि त्यातला एक आकडा जगभर फिरला. ज्यांना चार मिनिटांच्या आत सीपीआर आणि आठ मिनिटांच्या आत पुढचे उपचार मिळाले, त्यांच्यापैकी ४३ टक्के वाचले होते. विधान अगदी नेमके होते. एका विशिष्ट आजारासाठी, दोन अटींचे. पण शहरांनी त्यातले ‘आठ मिनिटे’ तेवढे उचलले. चार मिनिटांची अट गळून पडली. हृदय बंद पडण्यापुरता असलेला आकडा पाय मुरगळलेल्यालाही लागू झाला. अमेरिकेतल्या रुग्णवाहिकांच्या कंत्राटांत तो आला, अग्निशमन दलांच्या मानकांत आला. डेन्व्हरच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये जखमी रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आठ मिनिटांच्या अलीकडे-पलीकडे पोहोचल्याने जगण्यात फरक पडल्याचे दिसले नाही. तरीही आकडा टिकला. मिनिटे मोजणे सोपे असते, घड्याळ गाडीतच असते. माणूस घरी गेला का हे विचारायला रुग्णालयाच्या दारात जावे लागते.

याची सर्वांत मोठी किंमत इंग्लंडने मोजली. तिथे १९९६ नंतर असे ठरले की सर्वांत गंभीर ठरवलेल्या फोनांपैकी ७५ टक्के ठिकाणी आठ मिनिटांत पोहोचायचे. पुढे या उद्दिष्टावर सेवांची श्रेणी ठरू लागली, प्रमुखांच्या नोकऱ्या त्याला टांगल्या गेल्या. २००३ मध्ये सरकारी आरोग्य तपासणी आयोगाने रुग्णवाहिका सेवांचा आढावा घेतला आणि २००६ मध्ये ग्विन बेव्हन आणि क्रिस्टोफर हुड या अभ्यासकांनी त्या वेळांचे आलेख छापले. काही सेवांच्या आलेखात आठव्या मिनिटाच्या अलीकडे नोंदींचा उंच ढीग आणि पलीकडे एकदम कडा. रस्ते, पाऊस, वाहतूक यांतून असा कडा तयार होत नाही, तो कागदावर तयार होतो. घड्याळ कुठून सुरू करायचे, फोन उचलल्यापासून की पत्ता कळल्यापासून, हे प्रत्येक सेवेचे वेगळे. कोणता फोन ‘गंभीर’ धरायचा, तेही वेगळे. घड्याळ थांबवण्यासाठी एकटा पॅरामेडिक मोटारीने पुढे पाठवायचा आणि रुग्णाला न्यायला गाडी मागाहून, असेही सर्रास होई. या हिशेबात सातव्या मिनिटाला पोहोचून रुग्ण दगावला तर ते यश होते आणि नवव्या मिनिटाला पोहोचून वाचला तर अपयश.

तिथल्या माणसांना मी दोष देणार नाही. ते दिवसरात्र धावत होते. ज्या गोष्टीवर तुमची पोटाची भाकर ठरते, ती गोष्ट तुम्ही साधताच. दोष मापात होता. इंग्लंडने ते मान्य केले. २०११ पासून किती जणांचे हृदय पुन्हा सुरू झाले आणि किती जण घरी गेले, हे आकडे जाहीर होऊ लागले. २०१७ मध्ये आठ मिनिटांची चौकटच मोडून नवी वर्गवारी आली. सर्वांत गंभीर रुग्णांसाठी सरासरी सात मिनिटे, पण फोनवर अधिक विचारपूस करून कोणाकडे काय पाठवायचे ते ठरवायला थोडा अधिक वेळ.

सिअ‍ॅटलकडे परत येतो. १९८० मध्ये आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पॅरामेडिकची वाट न पाहता बंबावरच्या साध्या प्रशिक्षित जवानाने शॉक दिला, तर वाचणाऱ्यांचे प्रमाण ४ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर जाते. मग फोनवरूनच सीपीआर शिकवायला सुरुवात झाली. घाबरलेल्या बायकोला कॉल घेणारी व्यक्ती सांगते: नवऱ्याला जमिनीवर निजवा, छातीच्या मधोमध हाताचा तळवा ठेवा, मी मोजते तसे दाबा. १९८५च्या निबंधानुसार त्याने आसपासच्या लोकांकडून होणारा सीपीआर ४५ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर गेला. यासाठी एकही नवी गाडी घ्यावी लागली नाही. १९९३ मध्ये याच वहीवरून त्यांनी एक समीकरण मांडले. कोसळल्या क्षणी सगळे उपचार मिळाले असते तर जगण्याची शक्यता ६७ टक्के. सीपीआरला उशीर होणारे प्रत्येक मिनिट त्यातून २.३ कापते, शॉकला होणारा उशीर १.१ आणि पुढच्या उपचारांना होणारा २.१. म्हणजे तिघांतला सर्वांत महागडा उशीर शेजाऱ्याच्या हाताचा निघाला.

मधल्या काळात प्रश्न उभा राहिला की इतर शहरांचे काय? १९९० मध्ये आयझेनबर्ग यांनी २९ ठिकाणचे आकडे एकत्र ठेवले. जगण्याचे प्रमाण २ टक्क्यांपासून २५ टक्क्यांपर्यंत. फरक खरा किती आणि मोजणीचा किती, हे सांगणे अवघड होते, कारण कोणी सगळे मृत धरले होते, कोणी फक्त ज्यांच्यावर उपचार सुरू झाले ते. म्हणजे टक्केवारी काढताना भागायची संख्या, तिचा छेद, सगळ्यांचा वेगळा. छेद लहान केला की टक्केवारी आपोआप वाढते. त्याच वर्षी जूनमध्ये नॉर्वेतल्या स्टावांगरजवळच्या उट्स्टाइन मठात अनेक देशांचे तज्ज्ञ जमले आणि सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजायचे ठरवले. कोणाच्या तरी डोळ्यांदेखत कोसळलेला, आणि पहिल्या आलेखात हृदय थरथरताना दिसलेला रुग्ण, हा तुलनेचा मुख्य गट ठरला. १९९१ मध्ये छापलेला हा नमुना आज जगभर ‘उट्स्टाइन’ म्हणूनच ओळखला जातो.

मला या संस्थेविषयी सर्वांत जास्त आदर वाटतो तो तिने स्वतःचे चुकलेले पाऊल मोजले म्हणून. नव्वदच्या सुमारास सिअ‍ॅटलच्या बंबांवर स्वयंचलित डिफिब्रिलेटर आले. शॉक लवकर मिळेल, माणसे जास्त वाचतील, अशी सगळ्यांची खात्री. वही उघडली तर प्रमाण वाढलेच नव्हते. यंत्र आणणाऱ्या कोणत्याही खात्याला हे लपवावेसे वाटले असते. कॉब यांनी शोध घेतला. जवान पोहोचताच यंत्र लावत होते आणि यंत्र आलेख तपासत असताना छाती दाबणारे हात थांबत होते. त्यांनी नियम बदलला: आधी ९० सेकंद सीपीआर, मग शॉक. १९९९च्या निबंधात प्रमाण २४ वरून ३० टक्क्यांवर गेलेले दिसते. पुढे सुमारे दहा हजार रुग्णांची मोठी चाचणी झाली, तिच्यात सिअ‍ॅटल आणि किंग काउंटीही होते. २०११ मध्ये तिचा निकाल आला की शॉकआधी थोडा सीपीआर आणि जास्त सीपीआर यांत फरक नाही. तेही त्यांनी स्वीकारले. पण हात थांबता कामा नयेत, हा धडा टिकला. २००५ मध्ये काउंटीने एकामागून एक तीन शॉक आणि मधल्या नाडीतपासण्या बंद केल्या. एक शॉक, आणि लगेच दोन मिनिटे दाब. मुख्य गटात वाचणारे ३३ वरून ४६ टक्क्यांवर गेले. २०१३ मध्ये ते ६२ टक्के झाले.

६२ टक्के हा आकडा सांगताना छेदही सांगायला हवा. तो उट्स्टाइनच्या निवडक गटाचा आहे. उपचार सुरू झालेले सगळे रुग्ण धरले तर तिथेही पाचांतला साधारण एक वाचतो. आणि पुढच्या वर्षांत ६२ हा आकडा खाली आला. काउंटीच्या वार्षिक अहवालात तोही छापला जातो. १९७९ पासून ही सेवा मालमत्तेवरच्या खास करावर चालते आणि तो कर ठरावीक वर्षांनी मतदारांपुढे जातो. १९९७ मध्ये त्याला पुरेशी मते पडली नाहीत, पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन ती मिळवावी लागली. ज्याच्याकडे दर वेळी हात पसरायचा, त्याला हिशेब दाखवावाच लागतो. २००८ पासून ‘रिससिटेशन अकॅडमी’ भरवून ते हा हिशेब कसा ठेवायचा हे इतर गावांना शिकवतात. कॉब २०२३ मध्ये गेले, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४च्या जानेवारीत सुरू झाली. सुरुवातीला ९३७ रुग्णवाहिका, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक, ७०४ प्राथमिक, आणि प्रत्येकीत डॉक्टर. सिअ‍ॅटलला जे परवडले नाही ते आपण केले. शहरात २० मिनिटे आणि ग्रामीण भागात ३० मिनिटे, हे पोहोचण्याचे उद्दिष्ट. घाटरस्ते, पावसाळा, मुंबईच्या वाहतुकीत अडकलेली गाडी आणि तिसाव्या मजल्यापर्यंतची लिफ्ट हे सगळे पाहता ते सोपे नाही, आणि ते पाळण्यासाठी चालक आणि डॉक्टर जे कष्ट घेतात त्यांना माझा नमस्कार आहे. पण आपल्या कानावर येतात ते आकडे दोनच प्रकारचे: किती मिनिटांत पोहोचली आणि किती लाख रुग्णांना सेवा दिली. त्या लाखांपैकी किती जण घरी परतले?

आपली वही सिअ‍ॅटलसारखीच असावी, असे मी म्हणणार नाही. आपल्या गाडीत हृदयरुग्णाइतकीच अडलेली बाळंतीण येते, सर्पदंश झालेला शेतमजूर येतो, कीटकनाशक प्यालेला तरुण येतो, महामार्गावरचा जखमी येतो. त्यांच्यासाठी मापे निराळी हवीत. आई आणि बाळ दोघे सुखरूप घरी गेले का, प्रतिसर्पविष असलेल्याच दवाखान्यात गाडी गेली का, की दोन दवाखाने फिरावे लागले? हे शोधायला नवे यंत्र लागत नाही. गाडीची नोंद आणि रुग्णालयाची नोंद एकमेकींना जोडावी लागते, आणि ते काम करणारी माणसे नेमावी लागतात. एका जिल्ह्यापासून सुरुवात केली तरी चालेल. किंग काउंटीनेही सगळ्या अमेरिकेसाठी वही काढली नव्हती.

शासनाला माझी विनंती एवढीच आहे की १०८च्या कंत्राटात मिनिटांच्या शेजारी घरी परतलेल्यांचा रकानाही घालावा आणि तो दरवर्षी जनतेपुढे ठेवावा, आकडा लहान असला तरी. आणि वाचकांना विनंती ही, की आपल्या सोसायटीत, शाळेत, तालमीत एक दिवस काढून छाती दाबायला शिकून घ्या. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत ठरवून दिली आहे, तोंडाला तोंड लावावे लागत नाही. शिकायला एक दुपार पुरते.